कबुतराची गिरकी आणि टॉनिकची बाटली



कपाशी सध्या पात्या-फुलावर आहे. मधे आठ-नऊ दिवस झड लागली होती, रान चिबडलं, झाडं पिवळी पडली, पातेगळ झाली. आता चार दिवसांपासून ऊन पडतंय, वापसा येतोय. आणि बरोबर याच मुहूर्तावर सगळ्या ग्रुपवर बाटल्यांचे फोटो सुरू झालेत. एका हातात बाटली, मागं हिरवागार प्लॉट आणि खाली लिहिलेलं, "एक नंबर रिझल्ट, सहाव्या दिवशी फरक". आज त्या फोटोवर लिहायचं आहे. काहींना झोंबेल. झोंबू द्या.

आधी साधी गोष्ट. झडीत कपाशी पिवळी का पडते? मुळाशी पाणी साचतं, हवा खेळत नाही, मूळ काम करीत नाही, नत्र वर जात नाही. ढगाळ हवेत पाते गळतात, आणि कपाशी काही पाते आपणहून टाकतेच. पाणी निचरलं, ऊन पडलं, एखादी कोळपणी मिळाली की आठ-दहा दिवसांत तीच झाडं काळीभोर होतात, नवं पातं धरतं. हे चाळिशी ओलांडलेल्या कोणाही कापूसवाल्याला ठाऊक आहे. मग त्या आठ-दहा दिवसांच्या मधे जो कोणी जे काही फवारील, त्याचा "रिझल्ट" येणारच. ताक फवारा, येईल. नुसतं विहिरीचं पाणी फवारा, तरी येईल.

माझी धाकटी तालुक्याला बी.ए.ला आहे, तिनं मानसशास्त्र घेतलंय. तिचं पुस्तक मी दुपारचा ओट्यावर बसून तिच्याकडून वाचून घेतो. मी दहावी पास माणूस, अवघड नावं ती फोड करून सांगते. त्यात एक प्रयोग आहे, तो ऐकला त्या दिवसापासून मला प्रत्येक फोटोत कबुतर दिसतं.

अमेरिकेत स्किनर नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९४८ साली त्यांनी आठ उपाशी कबुतरं एकेका पिंजऱ्यात ठेवली. दर १५ सेकंदांनी दाण्याचं भांडं पुढं यायचं आणि मागं जायचं. कबुतरानं काहीही करो, नाही करो, दाणा आपल्या वेळेवर येणार. पण कबुतराला ते कसं कळणार? दाणा आला तेव्हा जे गिरकी घेत होतं त्याला वाटलं, गिरकी घेतली म्हणून दाणा आला. मग ते गिरक्याच घ्यायला लागलं. दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं. काही नुसती मान हलवायची, लंबकासारखी. आठातल्या सहा कबुतरांना अशी पक्की सवय लागली. आणि गंमत बघा, त्यांचा अनुभव खोटा नव्हता. गिरकी घेतली आणि दाणा आला, हे शंभर वेळा खरंच घडलं होतं. फक्त गिरकी घेतली नसती तर काय झालं असतं, हे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"दादा, मी स्वतः अनुभव घेतलाय." मला रोज हा मेसेज येतो. कबुतरानंही घेतला होता, भाऊ.

आता कंपनीच्या बाजूनं बघा. कंपनीचा माणूस भर झडीत गावात येत नाही. झड उघडल्यावर येतो. त्याला वरून सांगितलेलंच असतं की शेतकरी कधी घाबरलेला असतो आणि पीक कधी आपणहून सुधारणार असतं. हे दोन्ही ज्या आठवड्यात जुळतं, तो त्याचा विक्रीचा आठवडा. त्याच्या बाटलीत समुद्री शेवाळाचा अर्क असेल, अमिनो आम्ल असेल, ह्युमिक असेल, नाहीतर नुसता रंग असेल. पण विकली जाते ती वेळ. याला ते मार्केटिंग म्हणतात, पोरीच्या पुस्तकात त्याला मानसशास्त्र म्हणतात.

सगळीच बाटली खोटी असं मी म्हणत नाही, ते पुढं सांगतो. पण एक आकडा ऐकून ठेवा. या टॉनिकांना सरकारी भाषेत जैव उत्तेजक म्हणतात. २०२१ पर्यंत त्यांना कसला कायदाच लागू नव्हता. त्या वर्षी ती खत नियंत्रण आदेशात घेतली, आणि तरी तात्पुरत्या परवान्यावर विक्री चालूच राहिली. २०२५ च्या जुलैत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की पूर्वी देशात सुमारे ३०,००० उत्पादनं अशी बिनधास्त विकली जात होती, गेल्या चार वर्षांतही ८,००० च्या आसपास फिरत होती, आणि कडक तपासणी लावल्यावर साधारण ६५० उरली. म्हणजे बाकीच्यांना आपला गुण दाखवता आला नाही, किंवा दाखवायला कोणी गेलंच नाही.

माझा प्रश्न मंत्र्याला नाही. माझा प्रश्न आपल्याला आहे. ती जी हजारो नावं गेली, त्यांच्याखाली "एक नंबर रिझल्ट" कोणी लिहिलं होतं? कंपनीनं नाही लिहिलं. आपणच लिहिलं. हातात बाटली धरून, मागं आपलंच रान उभं करून.

इथं कोणीतरी कोट घातलेला माणूस लगेच म्हणतो, शेतकरी अडाणी आहे म्हणून फसतो, त्याचं प्रबोधन करा. मला या वाक्याचा भयंकर राग आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात वॉर्चेल आणि त्यांच्या जोडीदारांनी पोरांना बरणीतली बिस्किटं चाखायला दिली. काहींच्या बरणीत दहा बिस्किटं, काहींच्या बरणीत दोनच. बिस्किट एकच. पण दोनवाल्या बरणीतलं जास्त चांगलं वाटलं. ती पोरं काही माझ्यासारखी दहावी पास नव्हती, विद्यापीठात शिकत होती. मग २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात ठरावीक वाणाच्या कपाशी बियाण्यासाठी भर उन्हात शेतकरी रांगेत उभे राहिले, तर त्यांनाच अडाणी का म्हणायचं? बरणीत दोनच पाकिटं आहेत अशी हवा झाली की माणूस रांगेत उभा राहतो. पुण्यात नव्या फोनच्या दुकानापुढंही उभा राहतो, आणि तिथं त्याला कोणी प्रबोधन करायला जात नाही.

पण रांगेत उभं राहायचं ते काय घ्यायला, हे तरी बघा. बोलगार्ड दोनचं कुठलंही पाकीट घ्या, बोंडअळीविरुद्धची जनुकं त्याच दोन जातीची. किमतीवर सरकारचा लगाम एकच, २०२५ च्या खरिपाला ९०१ रुपये. गुलाबी बोंडअळी आता त्या दोन्हींना जुमानत नाही, हेही सगळ्या पाकिटांत सारखं. फरक राहतो तो संकराचा. बोंडाचा आकार, कालावधी, रसशोषक किडीला किती तग धरतं, वेचायला किती सोपं. तो फरक खरा आहे, आणि तो जमिनीप्रमाणं बदलतो. माझ्या हलक्या रानात जे चालतं ते तुमच्या भारी काळ्या रानात चालेलच असं नाही. पण आपण विचारतो काय? "यंदा गावात काय चाललंय?" आणि जे चाललंय त्याला ऑन देऊन आणतो. ९०१ चं पाकीट जास्तीचे पैसे मोजून, तेही पावतीशिवाय.

याच्यावर एका अमेरिकन माणसानं, ग्लेन स्टोन त्यांचं नाव, तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यात वर्षानुवर्षं गावोगाव फिरून अभ्यास केला आणि २००७ साली छापला. तिथलेही कापूसवाले आपल्यासारखेच. त्यांना दिसलं की एका हंगामात अख्खं गाव एका बियाण्यावर तुटून पडतं, दोन वर्षांनी त्याचं नाव कोणी घेत नाही, आणि दुसऱ्याच नावावर उडी पडते. का घेतलं विचारलं तर उत्तर, सगळे घेतायत म्हणून. ज्याच्यावर गाव तुटून पडलं ते त्या रानाला इतरांपेक्षा सरस ठरलं होतं म्हणावं, तर तसं काही दिसत नव्हतं. त्यांचं म्हणणं मला फार लागलं. ते म्हणतात, या माणसांचं शेतीचं कसब हळूहळू जातंय. बाजारात नावं इतकी येतात, इतक्या झपाट्यानं बदलतात, एकच माल दोन नावांनी येतो, की एका बियाण्याला दोन-चार हंगाम आपल्या रानात नीट ओळखावं, हेच होत नाही. शिकायचीच सोय राहिली नाही, मग शेजाऱ्याकडं बघण्याशिवाय माणूस करील काय?

हे वाचून मला माझे वडील आठवले. ते बियाण्याला नावानं ओळखत नव्हते, दाण्यानं ओळखत होते. घरची ज्वारी, घरची तूर, कणसं निवडून टांगून ठेवायची. त्या काळात सगळं गोड होतं असं मला म्हणायचं नाही, त्या ज्वारीचा उतारा आजच्यापुढं काहीच नव्हता. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली, संकरित बियाणं आपल्या भागात पोचलं, त्यानं पोटाला मिळालं हे खरं आहे. मला एवढंच म्हणायचंय की वडील चुकले तर का चुकलो हे त्यांना कळायचं. आपल्याला बरोबर आलं तरी का आलं हे सांगता येत नाही.

आता शेजाऱ्याचं ऐका. कंपन्यांना ही गोष्ट फार जुनी माहीत आहे. अमेरिकेत आयोवा नावाचं मक्याचं राज्य आहे. तिथं १९२८ च्या सुमारास संकरित मका आला. तो दोन गावांत कसा पसरला यावर रायन आणि ग्रॉस या दोघांनी अभ्यास केला, १९४३ साली तो छापून आला. २५९ शेतकरी विचारले. १९४१ पर्यंत दोघं सोडून सगळ्यांनी नवं बियाणं घेतलेलं होतं. पहिल्यांदा नाव कोणाकडून ऐकलं? बहुतेकदा विक्री करणाऱ्याकडून. पण घ्यायचं नक्की कोणामुळं केलं? शेजाऱ्यामुळं. आज मोबाईल विकणारे, साबण विकणारे, सगळे ज्या अभ्यासाचे दाखले देतात त्याची सुरुवात अशी शेतकऱ्याच्या बांधावर झालेली आहे. आणि तिथं माल खरा होता बरं का, त्यामुळं शेजाऱ्याचं ऐकून त्यांचं भलं झालं. शेजाऱ्याचं ऐकणं हा काही रोग नाही. प्रश्न एवढाच की शेजारी शेजारीच आहे ना?

माझ्या लहानपणी रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागायचा, मग दूरदर्शनवर "आमची माती आमची माणसं" आलं. बोलणारा कृषी विद्यापीठाचा असायचा, त्याला काही विकायचं नसायचं. पुढं जीपगाड्या आल्या, भोंगे आले, भिंती रंगल्या. घराची भिंत रंगवून देतो म्हटलं की आपण आनंदानं द्यायचो. रोज येता-जाता तेच नाव डोळ्यापुढं. पोरीच्या पुस्तकात झायॉन्क नावाच्या माणसाचा १९६८ चा शोध आहे, एखादी गोष्ट नुसती वारंवार दिसली तरी ती आवडायला लागते, तिच्याबद्दल काही कळायची गरज नाही. मग मेळावे आले, प्लॉट भेटी आल्या, जेवण आलं. दुकानदाराला बँकॉकच्या सहली आल्या. आता भिंतही लागत नाही आणि जीपही नाही. आता शेजारीच विकत घेता येतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. या पानाला वाचक वाढले तसा मला एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. नाव घेत नाही, नाव घेतलं तर ती पण जाहिरातच. म्हणाला, "दादा, तुमची भाषा लोकांना आपली वाटते. आमच्या बाटलीचा एक व्हिडिओ टाका, जाहिरात वाटता कामा नये, नेहमीसारखंच रानात उभं राहून बोला." मी विचारलं, मी ही फवारलेली नाही, मग बोलू काय? तर म्हणाला, बोलायचं आम्ही लिहून देतो. पैसेही बऱ्यापैकी होते, एका वेचणीची मजुरी निघाली असती. मी नाही म्हटलं. तो सहज म्हणाला, "काही हरकत नाही, तुमच्याच तालुक्यातले दुसरे दोघं तयार आहेत."

आता तुम्हीच सांगा, ते दोघं कोण? मला माहीत नाही. तुम्हालाही कळणार नाही, कारण ते रानात उभे राहून नेहमीसारखेच बोलत असतील.

आणि पैसे घेणारे थोडे. बाकीचे फुकट करतात. त्याचं कारण वेगळं आहे. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड बर्नेज नावाच्या माणसानं सिगारेट कंपनीसाठी एक काम केलं. हा मनाचे डॉक्टर फ्रॉइड यांचा भाचा. तेव्हा अमेरिकेत बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं वाईट समजलं जायचं, म्हणजे अर्धं गिऱ्हाईक बंद. यानं ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुण बायकांना भर रस्त्यात सिगारेटी पेटवायला लावल्या आणि पेपरवाल्यांना सांगितलं, या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत. सिगारेट चांगली आहे असं तो एका शब्दानं म्हणाला नाही. ओढणारी कोण आहे, एवढंच सांगितलं.

आपल्याकडं ती मशाल म्हणजे "प्रगतशील शेतकरी". शाल, श्रीफळ, फोटोखाली नाव, जिल्ह्याच्या ग्रुपवर अभिनंदन. ज्या माणसाला तहसीलमध्ये बसायला खुर्ची मिळत नाही, सोयरीक जुळवताना ज्याच्या पोराला "नोकरी काय करतो?" विचारून परत पाठवतात, त्याला एक कंपनी स्टेजवर बोलावते आणि माईक हातात देते. त्या मानाची भूक मला कळते. मला तिची चेष्टा करायची नाही. पण ती भूक कोणीतरी मोजून ठेवली आहे आणि तिच्या मोबदल्यात आपल्या शंभर गाववाल्यांना बाटली विकली जाते, हे त्या स्टेजवर चढताना ध्यानात असू द्या.

राहिली भीती. कानमन आणि ट्वर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये मांडलं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख सारखं नसतं, दुःख जास्त बोचतं. कानमनना पुढं २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या गावातल्या दुकानदाराला ते नोबेल आधीच मिळायला पाहिजे होतं. तो कधी म्हणत नाही, हे मारा, दोन क्विंटल वाढेल. तो म्हणतो, "बघा बुवा, राहिलं तर राहिलं. मग म्हणू नका सांगितलं नाही." झालं. आपण दोन क्विंटलच्या आशेनं खिशात हात घालत नाही, पण "राहिलं तर" म्हटलं की उधारीवर सुद्धा घेतो. एका भावबंदाचं बिल मी मागच्या महिन्यात बघितलं. चार एकर कपाशी, एका फवारणीचं ७,२०० रुपये. त्यात कीटकनाशक आणि विद्राव्य खत मिळून ३,१०० चं. बाकीचं ४,१०० कशाचं, हे त्याला सांगता आलं नाही, दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "सोबत असलेलं बरं." आणि युरियासोबत लिंकिंगनं गळ्यात मारतात ते वेगळंच, त्याला मानसशास्त्रही लागत नाही, ती सरळ दांडगाई आहे.

"मग काय काहीच फवारू नये का?" हा प्रश्न खाली येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. फवारा. पण मधले चार तास सोडा.

मी गेली सहा वर्षं करतोय. कुठलीही नवी बाटली आली की रानाच्या मधले चार तास त्या बाटलीविना ठेवायचे, बाकी कीटकनाशक, खत, कोळपणी सगळं सारखं. बांधाकडचे तास धरायचे नाहीत, तिथं झाडाची सावली, जनावराचं तोंड, सगळंच वेगळं असतं. आणि कुठले चार हे आपल्या डोळ्यानं ठरवायचं नाही. डोळा लबाड असतो, जी बाजू मुळातच चांगली आहे तिथं बाटली मारून मोकळा होतो. चिठ्ठी टाकायची. हे डोकं माझं नाही. इंग्लंडात रॉथमस्टेड नावाच्या शेती संशोधन केंद्रावर फिशर नावाचे गणिती १९१९ साली गेले आणि तिथल्या खताच्या प्रयोगांवर काम करता करता त्यांनी हे चिठ्ठी टाकायचं शास्त्र बसवलं. आज माणसांची औषधंही त्याच रीतीनं तपासतात. म्हणजे मनाला चकवायचं कसं हे आयोवाच्या रानातून बाजारवाल्यांनी उचललं असेल, पण मनाला चकू द्यायचं नाही ही रीतसुद्धा रानातूनच निघालेली आहे. ती मात्र आपल्याला कोणी मेळाव्यात शिकवत नाही. जेवण देऊन तर नाहीच.

माझ्या रानात काय दिसलं? मॅग्नेशियम सल्फेट आणि युरियाचा लाल्यावर फरक दिसला, वजनात दिसला. तुडतुड्यावर वेळेत मारलेल्या औषधाचा तर डोळ्यांनीच दिसतो. पाच वेगवेगळी टॉनिकं मात्र सोडलेल्या चार तासांपेक्षा तराजूवर वर गेली नाहीत, एका वर्षी तर सोडलेलेच दोन किलोनं जास्त भरले. हे माझं कोरडवाहू रान आहे. बागायतीत, द्राक्षात, मिरचीत वेगळं असू शकतं. तुमच्या रानाचं उत्तर मी कसं देऊ? तेच तर मी त्या फोटोवाल्यांना विचारतोय, तुमच्या प्लॉटवरून तुम्ही माझ्या रानाचं उत्तर कसं देता?

आता एवढंच करा. या पोस्टखाली बाटलीचा फोटो टाकायचा असेल तर सोबत सोडलेल्या तासांचं वजन टाका. नुसता फोटो दिसला की मी काढून टाकणार, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना. कंपनीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. जमिनीचा प्रकार, लागवडीची तारीख, फवारल्याचा दिवस आणि त्याच्या आधी-नंतर पाऊस किती, हे मात्र लिहा.

आणि ज्यांनी या आठवड्यात चार तास सोडलेत त्यांनी आजच त्या तासांच्या दोन्ही टोकाला लाल चिंधी बांधून घ्या. वेचणीला बायांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्या चार तासांचा कापूस वेगळ्या पोत्यात. मागच्या साली माझ्या एका मित्राचं सगळं नीट झालं होतं, फक्त वेचणीच्या दिवशी तो लग्नाला गेला. संध्याकाळी येऊन बघतो तर सगळा कापूस एका ढिगात.